अक्काचं ‘जायचंय’

अक्का, तुझी खोकी अजून पुढच्या खोलीतच आहेत. चौदा. तू गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा उरली नव्हती, म्हणून माणसं त्यांच्यावरच टेकली. गिरणीवाले काका ‘भांडी – हैदराबाद’वर बसून तुझ्या साधेपणाबद्दल बोलले. त्यांची सून तर ‘देव – वर काही ठेवू नये’ यावरच बसली. तुझं अक्षर एवढं ठसठशीत, पण कुणी वाचलं नाही. मीही उठवलं नाही. बसा म्हटलं, नियम करणारी आता बघायला नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रकवाल्याचा फोन आला. “मॅडम हायत का? माल कधी उचलायचा?”

मी म्हटलं, “मॅडम गेल्या.”

“फुडं गेल्या व्हय? मग माल?”

मला हसू आलं गं. सुतकात, पांढरं पातळ नेसून, फोन कानाला लावून मी हसले. शेजारच्या अंबूबाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “माय मरो मावशी जगो म्हणत्यात ते काय उगं न्हाय. नितीनला आता तुमीच की.” ही म्हण त्या दिवसापासून मी निदान नऊ जणांकडून ऐकली. दर वेळी वाटलं, या मावशीला कुणी विचारलंय का?

गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावणार आहे. आज सोळावा दिवस, सगळे विधी झाले, तुझ्या आत्म्याला जी काय शांती लाभायची ती लाभली असेल. आता माझं ऐक.

तुझा जन्म, शिक्षण, कचेरीतली प्रामाणिक सेवा वगैरे मी लिहिणार नाही. ते नितीननं मोबाइलवर सगळ्यांना पाठवलंय, फोटोसकट, आणि फोटोही नेमका तुझा नावडता. मला आठवतं ते वेगळंच. भावोजी गेले तेव्हा नितीन पाच वर्षांचा होता. तू कारकून म्हणून नुकती लागली होतीस. तू मला म्हणालीस, “ये की सुमे, सहा महिने. पोराला कुणीतरी पाहिजे.” मी चार साड्या पिशवीत घालून सोलापुरात या भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत आले. त्या सहा महिन्यांना एकतीस वर्षं झाली. नितीनचा गोवर, त्याचं शुद्धलेखन, त्याची दहावी, त्याचं पहिलं प्रेम आणि त्या प्रेमाचा निकाल, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. तेव्हा तू ‘ये’ म्हणाली होतीस. म्हणजे तुला विचारता येत होतं.

मग या वर्षी काय झालं?

नितीनचा हैदराबादहून फोन आला, तेव्हा मी भाजी निवडत होते. तू गॅलरीत जाऊन बोललीस. आत आलीस आणि म्हणालीस, “हैदराबादला जायचंय. कायमचं.” एवढंच.

मी तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं. वाक्यातला कर्ता शोधा, त्याच्याखाली रेघ मारा, हे सांगण्यात माझा जन्म गेला. आणि माझ्याच घरात माझी सख्खी बहीण चार महिने कर्ता गाळून बोलत राहिली. जायचंय. खोकी आणायचीत. गॅसचं कनेक्शन बंद करायचंय. कुणाला जायचंय, अक्का? तुला, की आपल्याला? आपली भाषा मोठी सोयीची. ‘जायचंय’ म्हटलं की जाणारा कोण ते सांगायलाच नको. इंग्रजी असती तर तुला कुठंतरी ‘मी’ म्हणावंच लागलं असतं आणि पहिल्याच दिवशी मला कळलं असतं.

विचारायला मला काय झालं होतं, असं तू म्हणशील. ताठा. आपल्या घराण्याचा. तो काही तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही.

म्हणून मी कान देऊन राहिले. आठवतं, तू अंबूबाईंकडून तेलुगू शिकायला लागलीस? अख्खा जन्म तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या शेजारात काढला, पण ‘रा’ म्हणजे ये आणि ‘पो’ म्हणजे जा, याच्या पुढं कधी गेली नाहीस. आता रोज दुपारी चारला त्या यायच्या, मांडीवर शेंगांचं सूप घेऊन. त्या शेंगा फोडायच्या, तू वहीत लिहायचीस. सहासष्टाव्या वर्षी वहीला कव्हर घातलं होतंस, वर नाव, खाली ‘विषय : तेलुगू’.

“म्हना अक्का, मेमु हैदराबाद पोतुन्नामु.”

“मेमु हैदराबाद पोतुन्नामु.”

“आता कसं! आमी हैदराबादला चाललोय.”

मी आत कणीक मळत होते. हात थांबले. मी वाण्याच्या दुकानात जाऊन कामचलाऊ तेलुगू बोलते, तेवढं मला कळतं. ‘मी’ला ‘नेनु’ म्हणतात. तू ‘नेनु’ म्हणाली नव्हतीस. ‘मेमु’ म्हणाली होतीस, आम्ही. अंबूबाईंना सांगताना ‘आम्ही’, म्हणजे त्या सोडून बाकीचे. बाकीचे कोण? या घरात बाकीची मी. त्या दिवशी मी पोळ्यांना जरा जास्त तेल लावलं. तू विचारलंसही, “आज काय आहे गं?” मी म्हटलं, काही नाही. शहाण्यासुरत्या बाईनं एका सर्वनामावर एवढी आशा ठेवावी!

दुसऱ्या दिवशी मी माझ्या कपाटातली जुनी पुस्तकं निवडायला काढली. कुठली न्यायची, कुठली रद्दीत घालायची. तू येता-जाता बघत होतीस. बोलली नाहीस काही. मला वाटलं, मूक संमती. आता वाटतं, तुला वाटलं असेल, बरं झालं, जरा पसारा आवरतेय.

नव्या पेठेत आपण बॅग घ्यायला गेलो ते तर मी मेल्याशिवाय विसरणार नाही. दुकानदारानं दोन मोठ्या बॅगा काढून ठेवल्या, एक निळी, एक तपकिरी. “जोडीच घ्या की ताई, दोघी हायसा.” तू दोन्हीच्या चेनी लावून बघितल्यास, काढून बघितल्यास, चाकं फरशीवर फिरवलीस. माझा जीव त्या चाकांबरोबर फिरत होता. शेवटी म्हणालीस, “निळीच द्या. दुसरी काय करायची?” मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. तू आलीस तेव्हा म्हटलं, आत गुदमरतंय. तू रसवंतीवर नेऊन मला उसाचा रस पाजलास. मायाळू होतीस तू, नाही म्हणत नाही. घाव घालून फुंकर घालायला तुझ्याएवढं कुणी तत्पर नव्हतं.

तरीही मी आशा सोडली नव्हती. बॅग काय, घरात जुनी होती माझी. रेशन ऑफिसात सगळं संपलं.

आपल्या कार्डावर दोनच नावं. नितीनचं कधीच निघालं होतं. दुसऱ्या राज्यात जायचं तर इथलं नाव कमी केल्याचा दाखला लागतो, असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलं होतं. खिडकीमागचा कारकून पोरगेलासा होता. कार्ड उलटंपालटं करून म्हणाला, “किती नावं कमी करायची मावशी? दोन्हीबी का?”

“एकच.”

“कुनाचं?”

“माझं. तिचं राहू दे.”

“मग कार्डाला प्रमुख कोन?”

“ती की.”

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी तुझ्या शेजारी, हातभर अंतरावर, तुझीच पिशवी धरून उभी होते. अशी मला बढती मिळाली. कुटुंबप्रमुख. कुटुंबात कोण? मीच. चार महिन्यांत तू बोललेलं कर्त्यासकट पहिलं वाक्य ते, आणि ते मला नाही, त्या पोराला ऐकवलंस.

रिक्षात तू म्हणालीस, “ऊन लई आहे गं.” मी म्हटलं, “हो.” त्यानंतर आपण एकोणीस दिवस जगलो एका घरात. दूध आलं का. चावी कुठंय. पाणी भरलं का. एवढंच बोललो. एकोणीस दिवस मला दोन शब्द विचारता आले नाहीत, ‘मग मी?’ आणि तुला एक शब्द सांगता आला नाही.

माझ्या वतीनं तूच बोलायचं, ही सवय तुला कुणी लावली? मीच. टेंभुर्णीचं स्थळ आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी बत्तिसाची. आधीच्या स्थळानं नकार दिला म्हणून चिडून, रडून मी तुला म्हटलं होतं, आता लग्नच नको मला. हे असं रडताना माणूस काहीही बोलतं. महिन्याभरात टेंभुर्णीची माणसं आली. मुलगा शिक्षक होता, चष्मा सारखा वर ढकलत होता. मी दाराच्या फटीतून बघितला. बरा होता गं. मी चहा गाळून ट्रे उचलला, तोवर तू बाहेर सांगून मोकळी झाली होतीस, “तिला नाही करायचं लग्न. तिची तीच म्हणालीय.” मी ट्रे घेऊन बाहेर आले, त्यांनी चहा घेतला, आणि ते निघून गेले. त्याबद्दल आपण पुढं कधी बोललो नाही. मीही ‘असं का सांगितलंस’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

पण खोटं कशाला बोलू? माझी बदली अक्कलकोटच्या पलीकडं, पार कर्नाटकच्या हद्दीवर झाली, तेव्हा साहेबांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना. तू कचेरीतून अर्धी रजा टाकून आलीस आणि टेबलावर हात ठेवून म्हणालीस, “तिला नाही जमायचं. घरात लहान पोर आहे.” बदली थांबली. त्या दिवशी परत येताना मी तुझा हात धरून चालत होते, पस्तिशीची बाई. तुझं ‘तिला नाही जमायचं’ मला त्या दिवशी देवाच्या शब्दासारखं वाटलं होतं. तुझ्यामुळं मी या गावात राहिले, पोर वाढवलं, पेन्शन मिळवली. हे उपकार मी विसरलेली नाही. म्हणून तर राग एवढा चढतो. परक्या माणसानं केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, शेजारपाजारचे डबे यायला उशीर झाला, तेव्हा नितीननं तुझा एक डबा फोडला. तू हैदराबादसाठी केलेल्या कडक भाकरी. दीडशे तरी असतील, कागदात गुंडाळून, वर शेंगांच्या चटणीची बरणी. नितीन, त्याची बायको प्राजक्ता आणि मी, तिघं फरशीवर बसून ते खात होतो. भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा होत होता. नितीन एकदम रडायला लागला. म्हणाला, “मावशी, हे मी तिकडं खाणार होतो गं.” मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्या भाकरी मीच थापल्या होत्या. तू नुसत्या वाळवल्यास आणि चिठ्ठी लावलीस.

दहाव्याला अंबूबाईंजवळ मी विषय काढला. म्हटलं, अक्का ‘मेमु’ का म्हणायची हो? त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, “मला तसंच सुचलं की. आमी कुटं जातो तवा सगळीच जातो, एकटं कोन जातंय? तसंच शिकवलं मी. त्यांनी तसंच ल्हिवलं.” म्हणजे ते वाक्य तुझं नव्हतंच. पाढ्यासारखं म्हणत होतीस. आणि मी त्या दिवशी पोळ्यांना जास्त तेल लावलं होतं.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर नितीन माझ्याजवळ येऊन बसला. हातात सुपारीचं खांड, खात नव्हता, नुसतं फिरवत होता. म्हणाला, “मावशी, तुला एक सांगू? मी पहिल्याच फोनला दोघींना या म्हटलं होतं. वेगळी खोली ठेवलीय आम्ही, प्राजक्तानं पडदेपण लावलेत. आई म्हणाली, ती नाही यायची. विचारू पण नको तिला, उगाच तिच्या जिवाला घोर. मेली तरी भवानी पेठ सोडणार नाही, असं तीच म्हणालीय.”

मला आठवायला वेळ लागला. सात-आठ वर्षांपूर्वी तू जुळे सोलापूरला फ्लॅट बघून आली होतीस. लिफ्ट, दोन बाथरूम, खिडकीतून मोकळं आभाळ. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले आणि म्हटलं, तू जा, मी मेले तरी भवानी पेठ सोडायची नाही. तू फ्लॅट घेतला नाहीस. माझ्यासाठी घेतला नाहीस, हेही मला तेराव्याला कळलं. भांडणात बोललेलं एक वाक्य तू आठ वर्षं जपून ठेवलंस आणि वेळ आली तेव्हा माझी सही असल्यासारखं पुढं केलंस.

विचारायचं होतंस, अक्का. माणूस आठ वर्षांत बदलतं. गल्लीतली निम्मी माणसं गेली. माझे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. नितीनची मुलगी व्हिडिओवर मला ‘मावशीआजी’ म्हणते आणि तिच्या उच्चारात ळ नाही, तो कुणीतरी शिकवायला पाहिजे. या सगळ्याचा हिशोब मी केला असता, निदान करायला मिळाला असता. तुला वाटलं, मला माहितेय सुमन काय म्हणेल. नितीन तुझाच. मला म्हणाला, “आता तरी चल.” आणि मी तोंड उघडायच्या आत, “पण तुला नाही जमायचं, माहितेय मला.” मी त्याच्याकडे बघितलं. तेच कपाळ, तेच घाईनं बोलणं. मी म्हटलं, “मला दोन दिवस दे. सांगते.” तो चमकला. माझ्या तोंडून असं त्यानं कधी ऐकलं नसावं.

दोन दिवस मी खरोखर विचार केला. कागदावर लिहून काढलं, शाळेत करायचे तसं, एकीकडे हे, एकीकडे ते. आज दुपारी नितीनला सांगितलं. मी येत नाही. तुझ्या आईची खोकी घेऊन जा, भांडी वापरा, देव व्यवस्थित मांड. मी इथंच राहीन, वर्षातून एकदा येईन, महिनाभर, आणि तुझ्या लेकीला ळ शिकवीन. तो रडला, पण त्याला सुटल्यासारखंही वाटलं असेल. प्राजक्ता पडद्यांचं काही बोलली नाही, मला तेवढ्यानंच वाईट वाटलं.

म्हणजे तू बरोबर होतीस. मी नाहीच म्हणाले. तुझ्या बाजूनं कुणी वाद घातला तर मला हरावंच लागेल. आयुष्यभर तू बरोबरच निघायचीस, आणि माझ्या वाट्याला फक्त तुझ्या बरोबर असण्याचा राग यायचा.

पण ती शेवटची सकाळ मी अजून कुणाला सांगितलेली नाही. नितीनला सांगितलं की तू चहाच्या आधीच गेलीस, झोपेतच, शांतपणे. ते खरं नाही. मी चहा गाळत होते. तू मागं येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, “छातीत जळजळतंय गं.” आपलं बोलणं बंद होतं, विसावा दिवस. मी वळले नाही. गाळणी कपावर आपटली आणि म्हटलं, “ओवा खा.” तू “बरं” म्हणालीस. चहा तुझ्या पलंगाशेजारी ठेवला तेव्हाही मी मुद्दाम तुझ्याकडे बघितलं नाही. अर्ध्या तासानं, गार करून ठेवलास म्हणून ओरडायला आले, तेव्हा बघितलं.

डॉक्टर म्हणाले, काही करता आलं नसतं. ते सगळ्यांना तसंच सांगत असतील.

तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, अक्का. आपण दोघी कडाकडा भांडलो असतो, तू मला हट्टी म्हणाली असतीस, मी तुला स्वार्थी म्हणाले असते, रात्री न जेवता झोपलो असतो आणि सकाळी नेहमीसारख्या बोलायला लागलो असतो. मग तू छातीत जळजळतंय म्हणालीस, तेव्हा मी वळून तुझ्या तोंडाकडे बघितलं असतं.